लांबच्या ओव्हरलँड प्रवासासाठी पॉप-अप ट्रक कॅम्पर: कसा निवडायचा, काय बदलायचं, काय तसंच ठेवायचं

पिकअपच्या हौद्यात बसवायचा, मुक्कामाला छप्पर वर उचलायचं आणि निघताना खाली ओढून कड्या लावायच्या, अशा पॉप-अप कॅम्परमधे आम्ही दोघं बराच काळ राहतोय, महिनोन्महिने सलग, आणि रस्ते म्हणाल तर निम्म्याहून जास्त कच्चे. आमचा कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाहीये कारण हा रिव्ह्यू एका मॉडेलचा नसून या प्रकाराचा आहे. ॲल्युमिनियमची वेल्ड केलेली चौकट, बाहेरून पातळ पत्रा, मधे इन्सुलेशन आणि वरच्या भागाला चारी बाजूंनी जाड व्हिनाइलचं कापड. फोर व्हील कॅम्पर्स ही अमेरिकन कंपनी १९७२ पासून याच प्रकारात आहे, आता इतरही बऱ्याच जणांचे मिळतात आणि घडण साधारण अशीच असते.

निकाल आधीच सांगून टाकते. माणसं दोन, प्रवास लांबचा आणि रस्ते खराब असतील तर माझ्या मते याच्यापेक्षा चांगला पर्याय नाही, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे वजन. आत जागा कमी आहे, हिवाळ्यात त्रास होतो, वाऱ्यात आवाज होतो, हे सगळं खरंय आणि खाली सविस्तर लिहिलंय. पण लांबच्या प्रवासात गाडी मोडते ती वजनाने मोडते, आणि निवडण्यापासून अपग्रेडपर्यंत प्रत्येक निर्णय शेवटी किलोवर येऊन थांबतो. तीन-चार जणांचं कुटुंब असेल किंवा वर्षातले चार-पाच महिने शून्याच्या खाली काढायचे असतील तर मात्र हा प्रकार घेऊ नका.

आता वजन. ट्रक कॅम्पर बघायला जाणारे बहुतेक लोक आधी ट्रक घेऊन ठेवतात आणि मग त्यावर बसेल असा कॅम्पर शोधतात, मला हा क्रम उलटा हवा असं अगदी मनापासून वाटतं, आधी कॅम्पर ठरवा, भरल्यावर त्याचं काय वजन होणार ते कागदावर मांडा आणि मग तेवढं वाहणारा ट्रक घ्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर त्या विशिष्ट गाडीचा पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान धरून ती किती वजन वाहू शकते ते, लिहिलेलं असतं. ब्रोशरमधला आकडा धरू नका, तो सगळ्यात साध्या मॉडेलचा असतो, सनरूफ, मोठी केबिन, फोर बाय फोर, डिझेल इंजिन जे जे वाढतं ते सगळं पेलोडमधून वजा होत जातं. कॅम्परच्या कागदावर जे ‘ड्राय वेट’ म्हणजे रिकामं वजन लिहितात त्यातही बऱ्याचदा पाणी, गॅस, बॅटरी, जॅक, सोलर यातलं काहीच धरलेलं नसतं.

एक हिशेब मांडून दाखवते, आकडे ठोकळ आहेत पण खोटे नाहीत. कॅम्पर रिकामा ६०० किलो. बॅटरी, सोलर, हीटर, कॅम्पर ट्रकवरून उतरवायचे जॅक वगैरे १२०. पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो. गॅस आणि सिलिंडर ३०. दोन माणसं १५०. कपडे, हत्यारं, सुटे भाग, गाडी चिखलातून काढायचं सामान १५०. भांडीकुंडी आणि किराणा ६०. पुढचा लोखंडी बंपर आणि विंच १००. दुसरी स्टेपनी ४०. झाले १३३० किलो, आणि यात चैनीची एकही वस्तू नाही. म्हणजे पेलोड निदान १५०० किलोचा हवा, हा आकडा अमेरिकन मापात वन-टन म्हणतात त्या ट्रकमधे मिळतो, हाफ-टन ट्रकचा पेलोड साधारण ७०० ते ९०० च्या मधे असतो त्यामुळे तिथे हा विषयच संपतो. हाफ-टन किंवा हायलक्स, टॅकोमासारखी मधली पिकअप आधीच दारात असेल तर रिकामा शेल घ्या, आत गादी, एक ओटा, एक फ्रिज आणि बास, तेवढ्यावर खूप सुंदर प्रवास होतो, पूर्ण सजवलेला कॅम्पर त्यावर लादू नका.

सगळं भरून झालं की वजनकाट्यावर जा, टाक्या फुल, दोघं आत बसलेले, आणि पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा असं वजन घ्या. एकूण वजन मर्यादेत असून मागचा एक्सल ओव्हरलोड असणं हे खूप कॉमन आहे. टायरवरचा लोड इंडेक्सही तेव्हाच तपासा, १२१ म्हणजे एका टायरला १४५० किलो, १२६ म्हणजे १७००, आणि तेही टायरमधे पूर्ण हवा असताना. मागचे दोन टायर १२१ चे असतील तर मिळून २९०० किलो, आणि भरलेल्या ट्रकच्या मागच्या एक्सलवर अडीच टन सहज येतात. पुढे कच्च्या रस्त्यावर हवा कमी करणार आहात, तेव्हा टायरची भार घ्यायची ताकदही कमी होणार, म्हणून इथे मोकळी जागा ठेवायला लागते.

आता थोडक्यात बाकीचे प्रकार, कारण आम्ही घ्यायच्या आधी बरेच आतून बघितले. पूर्ण कडक भिंतींचे, दोन-तीन स्लाइड-आउटवाले (मुक्कामाला भिंतीचा भाग बाहेर सरकवून जागा वाढवायची सोय) मोठे कॅम्पर आत गेलं की घरासारखे वाटतात, पण रिकामेच दीड टनाच्या पुढे असतात आणि उंचीमुळे कच्च्या उतारावर गाडी जी डोलते ती बघवत नाही, त्यांची जागा डांबरी रस्ता. नॉर्दर्न लाइट आणि बिगफूट यांचे फायबरग्लासचे दोन अर्धे जोडून केलेले कॅम्पर मला मनापासून आवडले, छताला सांधेच नाहीत त्यामुळे पाणी शिरायच्या जागा फार कमी, आणि थंडीत उबदार. थंड प्रदेशात जास्त राहणार असाल आणि रस्ते मध्यम असतील तर मी तिकडे वळेन. अलास्कन कॅम्परचं छप्पर हायड्रॉलिकने वर जातं आणि भिंती वरखाली दोन्हीकडे कडक, म्हणजे पॉप-अपचा फायदा आणि कापड नाही, पण वजन जास्त. आणि मग युनिमोग, फुसो, इसुझू असल्या खऱ्या ट्रकवर बसवलेले कंपोझिट पॅनलचे डबे. ज्यांना वर्षानुवर्षं घरी परतायचंच नाही त्यांच्यासाठी ते उत्तम, पण गाव-गल्लीतून नेताना, फेरीवर चढवताना, टायर बदलताना प्रत्येक वेळी ते आकारमान जाणवतं. एका युनिमोगवाल्या जोडप्याबरोबर आम्ही मुक्काम केला होता, त्यांचं स्टेपनी उतरवायचं काम बघूनच मला आमचा ट्रक बरा वाटला.

ट्रकचं इंजिन. इथे लोक भांडतात. जोर आणि मायलेज बघितलं तर डिझेल पुढे आहे यात वाद नाही. पण आजकालचं डिझेल इंजिन म्हणजे डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) आणि ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला एक्झॉस्टमधे सोडायचं द्रावण), आणि त्याला अत्यंत कमी सल्फरचं इंधन लागतं, युरोपात १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग), अमेरिकेत १५ पीपीएम. जगातल्या बऱ्याच भागात पंपावर मिळणाऱ्या डिझेलमधे सल्फर शेकड्यांमधे असतं, ते सारखं टाकत राहिलं तर एक्झॉस्टची सगळी सिस्टीम हळूहळू गुदमरते, आणि कॉम्प्युटर गाडीची ताकद कमी करून टाकतो, तेही नेमकं जवळ वर्कशॉप नसताना. ॲडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, उणे ११ अंशाला गोठतं, आणि आडगावात मिळेलच असं नाही. म्हणून आम्ही पेट्रोलचा ट्रक घेतला, मोठं, साधं, टर्बो नसलेलं व्ही-एट. पेट्रोल भरपूर पितो. पण कोणत्याही देशातला मेकॅनिक बॉनेट उघडून त्याच्यापुढे गोंधळत नाही, आणि डिझेल इंजिनपेक्षा हलकं असल्यामुळे पेलोड वाढून मिळाला तो वेगळाच. तुमचा प्रवास स्वच्छ डिझेल मिळणाऱ्या देशांपुरताच असेल तर डिझेल बिनधास्त घ्या.

मागे दोन-दोन टायरवाला डुअली घ्यायचा का हा प्रश्न नेहमी येतो. भार जास्त घेतो, वळणावर स्थिर राहतो, पण दोन टायरच्या फटीत दगड अडकतात, अरुंद चाकोरीत मागची चाकं बसत नाहीत आणि वाळूत पुढच्या चाकाने केलेल्या रुळात मागची चाकं येत नाहीत त्यामुळे त्यांना नवीन वाळू दाबत जावं लागतं. कच्च्यासाठी मागे सिंगल टायरच.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, ज्याच्याबद्दल शोरूममधे कुणी आपणहून बोलत नाही. कॅम्पर ट्रकला बांधायचा कसा. पिकअपची चासी खडबडीत जमिनीवर पिळवटते, तशी ती पिळवटावी म्हणूनच बनवलेली असते, एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना हौदा आणि केबिन यांच्यामधली फट एका बाजूला उघडताना डोळ्याने दिसते. त्या पिळवटणाऱ्या वस्तूवर तुम्ही एक कडक डबा चार कोपऱ्यांना आवळून बांधला तर काहीतरी एक तुटणार, हौद्याचा पत्रा फाटेल, नाहीतर डब्याचे सांधे उघडतील. युनिमोगसारख्या ट्रकवर म्हणूनच तीन बिंदूंवर किंवा स्प्रिंगवर टेकलेली वेगळी सबफ्रेम देतात, चासी खाली पिळवटत राहते आणि वरचा डबा सरळ राहतो. पिकअपमधल्या पॉप-अपला तशी सोय नसते, तिथे दोन गोष्टी वाचवतात, एक म्हणजे ॲल्युमिनियमची चौकट स्वतःच थोडी लवचीक असते, आणि दुसरं म्हणजे स्प्रिंग असलेले टाय-डाऊन, म्हणजे कॅम्पर ट्रकला ओढून धरणारे दांडे. नुसते लोखंडी टर्नबकल (फिरवून आवळायचे आटेवाले दांडे) लावून पाना फिरवून फिरवून घट्ट करू नका. टाय-डाऊनची कडी हौद्याच्या पत्र्याला न लावता खाली चासीला लावलेली हवी, टॉर्कलिफ्ट कंपनीची तशी तयार ब्रॅकेट मिळतात. हौद्यात खाली जाड रबरी मॅट टाका, कॅम्पर घसरत नाही. आणि कच्च्या रस्त्यावरच्या पहिल्या काही तासांनी थांबून चारही टाय-डाऊन हाताने तपासा, ढिले होतातच, पुढे सवयच होते.

गुरुत्वमध्याचंही तसंच. कॅम्परच्या बाजूला त्याची खूण असते, ती खूण मागच्या एक्सलच्या पुढे आली पाहिजे, थोडीशी का होईना पण पुढेच. लांब कॅम्पर आखूड हौद्यात बसवला की ती मागे सरकते आणि मग पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग पोकळ लागतं.

ट्रकची मागची बाजू बसली की लोक पटकन स्प्रिंगच्या एअर बॅगा लावतात. स्वस्त पडतात, एका दिवसात लागतात, गाडी लगेच सपाट दिसते. डांबरी रस्त्यावर ठीक आहे. पण कच्च्यावर मी त्या लावणार नाही, कारण स्प्रिंगच्या पाट्यांचा भार चासीवर पुढे-मागे दोन ठिकाणी विभागून जातो आणि एअर बॅग तो सगळा मधल्या एकाच ठिकाणी चासीवर आदळवते, त्यात मागच्या चाकांच्या मागे लांब बाहेर आलेला भाग आणि त्याला लटकवलेली स्टेपनी, जेरीकॅन, सायकली असतील तर खड्ड्यात चासी त्या जागी वाकते. डबल कॅब पिकअपची वाकलेली चासी हा ऑस्ट्रेलियातल्या कच्च्या रस्त्यांवर नेहमीचा विषय आहे, एक अशी गाडी मी स्वतः समोर बघितलीय, केबिन आणि हौदा वरच्या बाजूला एकमेकांपासून लांब गेलेले, इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केलेले. बरोबर उपाय म्हणजे तुमच्या खऱ्या वजनाप्रमाणे बनवून घेतलेले पाटे आणि त्यांना जुळणारे शॉक. पाटे बनवणाऱ्याला वजनकाट्याची पावती दाखवा, अंदाजाने सांगू नका. आमच्या ट्रकला केलेलं हे सगळ्यात चांगलं अपग्रेड, त्याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. आधी स्पीडब्रेकरवर मागची बाजू दोन-तीनदा उसळायची, आता एकदा खाली जाते आणि शांत होते.

टायर ऑल-टेरेन, लोड रेंज ई (जास्त भार घेणारा प्रकार), साइडवॉल जाड. मड टायर दिसायला भारी पण लांबच्या प्रवासात त्यांचा आवाज आणि इंधनाचा खर्च झेपत नाही. आकार ट्रकच्या मूळ मापाच्या फार पुढे नेऊ नका, ३७ इंची टायर पंक्चर नाही तर फाटला तर परक्या देशात तो मिळणार कुठे हा विचार आधी करा. आणि हवा! कच्च्या रस्त्यावर येणारे निम्मे त्रास टायरमधली हवा कमी न केल्यामुळे येतात असं माझं ठाम मत आहे. पन्हाळी पडलेल्या रस्त्यावर एक चतुर्थांश हवा कमी केली आणि वेग आवरला की कपाटांच्या कड्या, फ्रिजचे स्क्रू, तुमचे मणके सगळं वाचतं. वाळूत त्याहून बरीच खाली न्यायची, पण मग अगदी हळू चालवायचं, आणि परत डांबर लागलं की लगेच भरायची. म्हणून चांगला कॉम्प्रेसर घ्या, शक्यतो गाडीत कायमचा बसवून, कारण काढायला-घालायला त्रास असेल तर माणूस कंटाळा करतो आणि तशीच दामटतो.

आता आत राहण्याबद्दल. छप्पर वर गेलं की सहा फुटी माणूस सरळ उभा राहू शकतो, चारी बाजूंनी खिडक्या उघडल्या की उन्हाळ्यातल्या रात्री इतक्या छान जातात की कडक भिंतींच्या कॅम्परमधे ती मजा नाही. छप्पर खाली असताना गाडीची उंची कमी होते, वाऱ्याचा अडथळा कमी, झाडाच्या फांद्या लागत नाहीत. पण कापड ते कापड. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियासारख्या ठिकाणी जिथे वारा दिवसरात्र थांबत नाही तिथे कापडाची फडफड रात्रभर कानाशी असते, गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावायची आणि तरीही झोप लागत नसेल तर छप्पर खाली घेऊन झोपायचं, म्हणून घ्यायच्या आधी छप्पर खाली असताना गादीवर तुम्ही मावता का आणि कूस बदलता येते का ते प्रत्यक्ष झोपून बघा, विक्रेता काय म्हणेल याची लाज वाटून घेऊ नका. अस्वलांच्या भागात आणखी एक अडचण. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर फक्त कडक भिंतींच्या गाड्यांनाच परवानगी आहे, कापडाचा कुठलाही भाग असलेली गाडी चालत नाही. अशा भागात जास्त फिरणार असाल तर मुक्कामाच्या जागा आधी बघून ठेवा.

थंडीत कापडाला आतून लावायचं इन्सुलेशनचं अस्तर मिळतं, ते घ्याच. तरीही दोन माणसांच्या श्वासाची वाफ कुठेतरी जाऊन बसणार, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पाण्याचे थेंब जमतात आणि गादीच्या खालून ओल धरते. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार मॅट घाला आणि छताचा पंखा रात्रभर अगदी हळू चालू ठेवा, खिडकी बोटभर उघडी. उब थोडी जाते पण कोरडं राहतं, आणि ओल्या उबेपेक्षा कोरडा गारवा केव्हाही परवडला.

विजेच्या बाबतीत आमच्या कॅम्परमधे जे कंपनीने दिलेलं ते जवळजवळ सगळं काढून नवीन केलं. एजीएम (लेड-ॲसिडचाच बंद प्रकार) बॅटरी १०० अँपिअर-अवरची ३० किलोच्या आसपास आणि त्यातली निम्मीच वापरायची. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण ११ ते १४ किलोची आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. म्हणजे वजन निम्म्याहून कमी आणि वीज दुप्पट, या एका बदलात दोन्ही कामं होतात, असं अपग्रेड फार कमी मिळतं. आमच्याकडे २०० अँपिअर-अवर आहे म्हणजे सुमारे २५६० वॉट-अवर. कॉम्प्रेसरचा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाला ३० ते ५० अँपिअर-अवर खातो, त्यात पंखा, दिवे, पाण्याचा पंप, दोन फोन, लॅपटॉप, स्टारलिंक मिनी (उपग्रहावरून इंटरनेट देणारी छोटी डिश) असेल तर चालू असताना त्याचे २५ ते ४० वॉट, हे सगळं धरून ढगाळ दोन दिवस निघतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आतल्या आत लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून ती बाहेरच्या पेटीत न ठेवता आत, उबेत ठेवा. चांगल्या बॅटरीचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) थंडीत चार्जिंग स्वतः बंद करतो, घेताना ते विचारा.

ट्रकच्या अल्टरनेटरवरून चार्जिंग करायला करंट आवरून देणारा डीसी-डीसी चार्जर लागतोच, नुसती जाड वायर जोडून चालत नाही, लिथियम बॅटरी इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, विशेषतः गाडी हळू चालत असताना. व्हिक्ट्रॉन कंपनीचा ३० अँपिअरचा आमच्याकडे आहे, दोन तास गाडी चालवली की सातशे वॉट-अवरच्या आसपास येतात, म्हणजे फ्रिजचा दिवसभराचा खर्च निघाला. त्यामुळे रोज थोडंतरी चालवणाऱ्यांनी छतावर सोलरची गर्दी करायची गरज नाही. पॉप-अपचं छप्पर तुम्हाला हाताने उचलायचंय हे विसरू नका, काचेच्या १०० वॉट पॅनलचं वजन ६ ते ७ किलो, तीन पॅनल म्हणजे २० किलो, वर छताचा रॅक, वर पेटी, आणि मग छप्पर एकट्याने उचलणं अशक्य होऊन बसतं. लवचीक पॅनल हलके असतात पण छताला चिकटून असल्याने तापतात, वीज कमी देतात आणि लवकर जातात. आम्ही छतावर काचेचे दोन आणि जमिनीवर मांडायचं एक सुटं पॅनल असं केलं, गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात, उन्हाळ्यात हे फार बरं पडतं.

इंडक्शनचा मोह बऱ्याच जणांना होतो. १२ व्होल्टवरून २००० वॉट काढायचे म्हणजे १७० अँपिअरच्या वर करंट, त्याला मोठा इन्व्हर्टर, हाताच्या अंगठ्याएवढी वायर, आणि बॅटरी दुप्पट. एका छोट्या कॅम्परमधे हे मला पटत नाही. गॅसच ठेवा. गॅसचा त्रास असा की प्रत्येक देशात सिलिंडर भरायचं तोंड वेगळं, अडॅप्टरचा संच बरोबर ठेवायला लागतो आणि कधीकधी भरणारा माणूस परदेशी सिलिंडर बघून नाहीच म्हणतो. म्हणून गॅस फक्त स्वयंपाकासाठी, हीटर मात्र गाडीच्या इंधनावर चालणारा. तसं केलं की एक सिलिंडर खूप दिवस पुरतो.

वेबॅस्टो, एबरस्पेखर यांचे २ किलोवॉटचे एअर हीटर या आकाराच्या कॅम्परला पुरेसे आहेत, मोठा घेऊ नका. हे हीटर कायम मंद चालवले की आत काजळी धरते, म्हणून मधून मधून पूर्ण जोरावर पंधरा-वीस मिनिटं चालवायचे. उंचीवर हा प्रश्न फार वाढतो, ताजिकिस्तानमधल्या पामीर हायवेवरची अक-बैताल खिंड ४६५५ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांपेक्षाही कमी असतो, हवा कमी आणि इंधन तेवढंच, त्यामुळे धूर होतो आणि हीटर बंद पडतो. उंचीप्रमाणे इंधन कमी करणारं मॉडेल किंवा किट घेणं हे डोंगराळ प्रदेशात जाणाऱ्यांसाठी आवश्यकच आहे. पेट्रोल ट्रकवाल्यांनो, हीटरही पेट्रोलवरचा मिळतो, तो घ्या, नाहीतर डिझेलची वेगळी छोटी टाकी बसवावी लागेल. आणि हीटर कोणताही असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाच्या उंचीवर लावलेला पाहिजे, त्याशिवाय एकही रात्र काढू नका.

पाण्याची टाकी आतल्या उबेत असावी, पाईपही. फिल्टर ०.२ मायक्रॉनचा असेल तर जीवाणू अडवतो पण विषाणू त्यातून जातात, त्यासाठी यूव्ही दिवा किंवा क्लोरीन, आणि वास-चवीसाठी कार्बन. टाकी भरतानाच पाणी गाळून घ्यायचं, म्हणजे टाकी कधी घाण होत नाही. टॉयलेट म्हणाल तर आम्ही सुटं, उचलून नेता येणारं पोर्टा पॉटी ठेवतो. आतली बंदिस्त बाथरूम या आकारात जागा खाते, आंघोळ बाहेर पडद्यामागे.

वस्तू बसवून नंतर काढून टाकल्या अशा गाड्या खूप बघितल्या, त्यातल्या बहुतेक वस्तू वजनाच्याच होत्या. छतावरचा मोठा रॅक, दोन्ही बाजूंची ऑनिंग (सावलीसाठी उलगडायचं कापडी छत), मागच्या बाजूला झुलणारा लोखंडी कॅरिअर. विंच एकट्या गाडीने दूरवर जाणार असाल तर ठीक, दोरी सिंथेटिक घ्या, लोखंडी तारेपेक्षा हलकी आणि तुटली तर कमी धोक्याची. पण आधी फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या मॅक्सट्रॅक्ससारख्या दोन जोड्या पट्ट्या आणि टायरमधली हवा. बहुतेक वेळा तेवढ्यात गाडी निघते.

जहाजाने पाठवण्याबद्दल एकच सांगते. पनामा आणि कोलंबिया यांच्यामधल्या दारिएनच्या जंगलात सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही, म्हणून अमेरिका खंड उभा पार करणाऱ्या प्रत्येकाला गाडी जहाजावर चढवावी लागते. हाय-क्यूब कंटेनरच्या दाराची उंची २.५८ मीटर असते, साध्या कंटेनरची २.२८. छप्पर खाली असताना तुमची गाडी २.५८ च्या आत बसली तर ती कुलूपबंद कंटेनरमधून जाते. नाहीतर रो-रो जहाज, म्हणजे गाड्या चालवत आत नेतात ते, तिथे किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि सामान चोरीला जायची भीती. म्हणून टायर, पाटे, छतावरचे पॅनल, पंख्याचं झाकण हे सगळं बसवून झाल्यावर टेपने उंची मोजा, एक-दोन सेंटिमीटरवरून निर्णय बदलतो. मोठ्या पिकअपवर हे जमवणं अवघड जातं, मधल्या पिकअपवर सहज.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी. पॉप-अप जुना घ्यायला हरकत नाही, कापड बदलून मिळतं, छप्पर उचलायला मदत करणारे गॅस स्ट्रट बदलून मिळतात, फ्रिज-हीटर सगळं नवीन बसतं. बदलता येत नाही ती चौकट आणि सडलेला लाकडी तळ. जॅक जिथे बोल्ट केलेले असतात ते चारही कोपरे, छताच्या कडेचे सांधे, पंख्याच्या भोवतीचं सीलंट आणि दाराचा उंबरा इथे अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागलं तर सोडून द्या. गादी उचलून खालची फळी बघा. पुढचा झोपायचा भाग जिथे केबिनवर येतो तिथे खालून वेल्डला तडा आहे का ते टॉर्च मारून बघा, कच्च्यावर आपटलेल्या कॅम्परला तिथेच आधी तडा जातो. कॅम्पर ट्रकवरून उतरवलेला असेल तर जास्त चांगलं, तळ खालून दिसतो. आणि जमलंच तर जोराचा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा, फार आधी न कळवता, फक्त आदल्या रात्री फोन करून, आणि आत शिरल्या शिरल्या पहिल्यांदा वास घ्या.